सोडलेला मासाही हिशेबात धरा

गळाला लागलेला मासा घरी न्यायचा की पाण्यात परत सोडायचा, हा हौशी मासेमारांमधला वाद जुनाच आहे आणि दरवेळी तो त्याच जागी रुतून बसतो. सोडणारा खाणाऱ्याकडे थोडं वरून बघतो. खाणारा म्हणतो, 'मी निदान पोटासाठी मारतो, तू गंमत म्हणून छळतोस.' दोन्ही वाक्यं टाळ्या घेणारी आहेत. पण वाद घालताना दोघंही एक गोष्ट न तपासता धरून चालतात, ती म्हणजे सोडलेला मासा जगतो. भांडायचंच असेल तर सुरुवात तिथून करावी.

गळाने पकडून सोडलेले किती मासे मरतात याचे २७४ अंदाज एकत्र करून २००५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली १८ टक्के आणि मध्यक, म्हणजे निम्मे अंदाज ज्याच्या खाली आणि निम्मे वर येतात तो आकडा, ११ टक्के. या दोन आकड्यांत एवढं अंतर पडतं, कारण काही पाण्यांत काही जातींचे जवळजवळ सगळे मासे जगतात आणि काही ठिकाणी बहुतेक मरतात. त्यामुळे 'सोडलेले मासे जगतात का?' या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणता मासा, किती खोलावरून वर काढलेला, गळ कुठे रुतलेला, पाणी किती गरम, हवेत किती वेळ धरलेला, एवढं विचारलं तरच उत्तर मिळतं.

गळ टाकणाऱ्याला हे मरण सहसा दिसतच नाही. मासा शेपटी मारून खोल पाण्यात जातो आणि आपण समाधानाने पुढचं आमिष लावतो. तो मरतो तो काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, आणि तळाला जातो. संशोधक सोडलेले मासे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून दिवसांच्या हिशेबाने मोजतात ते याचसाठी. 'मस्त पोहत गेला' यावरून त्याच्या अंगात शेपटीचे दोन फटकारे शिल्लक होते, एवढंच कळतं.

आता साधं गणित करू. एकाने दिवसभरात चाळीस मासे काढले आणि सगळे सोडले. दहा टक्के मेले असं धरलं तरी चार गेले. दुसऱ्याने नियमात बसणारे पहिले दोन मासे ठेवले आणि रॉड आवरला. त्याचे दोन गेले. पहिल्याची पिशवी रिकामी, दुसऱ्याच्या पिशवीत दोन मासे. घाटावर बोलणी कोणाला बसतात, हे सांगायला नको. जगभरात हौसेखातर वर्षाला सुमारे ४,७०० कोटी मासे पकडले जातात आणि त्यांतले जवळपास दोनतृतीयांश सोडले जातात, असा एक अंदाज २००४ मध्ये मांडला गेला होता. एवढ्या मोठ्या आकड्यावर दहा टक्के म्हणजे काय, ते ज्याचं त्याने करून बघावं.

मला म्हणायचं आहे ते इतकंच: मासा हातात आल्यावर 'ठेवू की सोडू' असं विचारणं म्हणजे उशिरा विचारणं. नैतिक निर्णय बराचसा गळ पाण्यात पडण्याआधी झालेला असतो. कोणता गळ बांधला, कोणत्या महिन्यात आलो, किती खोल टाकला आणि किती माशांनंतर थांबायचं ठरवलं, यातच तो असतो.

गळाचंच बघा. मासा आमिष ओठाने टिपत नाही, पाण्यासकट आत ओढतो. दोरी ढिली असली किंवा आपलं लक्ष दुसरीकडे असलं की नेहमीचा सरळ दांड्याचा गळ घशात उतरतो. माशाचं हृदय घशाखाली, कल्ल्यांना अगदी लागून असतं. जबड्याच्या कोपऱ्यात रुतलेला गळ कुर्च्यातून जातो, घशात रुतलेला गळ थेट जीवावर बेततो. सोडलेल्या माशांच्या मृत्यूमागे हेच कारण सर्वांत वरचं आहे, बाकी सगळं त्यानंतर.

गोल गळ, म्हणजे ज्याचं टोक दांड्याकडे जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं तो सर्कल हुक, यावर बराच उतारा आहे. दोरी हळूहळू ताणली की तो घशातून काही न टोचता सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी वळून तिथे अडकतो. २००४ च्या एका आढाव्यात गोल गळाने मृत्यू साधारण निम्म्यावर आल्याचं दिसलं. मात्र दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे हिसका मारणं. वर्षानुवर्षांची सवय असते, मासा लागला की मनगट आपोआप उडतं. गोल गळाला हिसका दिला की तो एक तर तोंडातून मोकळा निसटतो किंवा नको तिथे रुतून बसतो. इथे हिसका न देता फक्त रीळ फिरवत राहायचं. दुसरी चूक खरेदीतली. टोक बाजूला मुरडलेले गोल गळही मिळतात. नाव तेच, पण फायदा बराच कमी. गळ सपाट टेबलावर ठेवून पाहावा, टोक वर उचललेलं दिसलं तर तो घेऊ नये.

टोकामागचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केला की गळ काढायला सेकंदही लागत नाही. कृत्रिम आमिषावरचे तीन टोकांचे गळ काढून जागी एकच गळ बसवता येतो. तरीही गळ खोल गेलाच, तर तो उकरून काढायच्या फंदात पडू नये. दोरी गळाच्या जितकी जवळ कापता येईल तितकी कापावी आणि मासा सोडावा. पुष्कळ मासे असा गळ पुढे टाकून देतात किंवा तो गंजून झिजतो, म्हणूनच स्टेनलेस स्टीलचा गळ या कामाला वाईट. पकडीने घशात केलेली शोधाशोध गळापेक्षा जास्त मासे मारते.

कल्ल्यांतून भळाभळा रक्त येणारा मासा नियमात बसत असेल तर तो ठेवावा. त्याला सोडणं ही दया नाही, आपली मोजणी स्वच्छ ठेवायची युक्ती आहे. तो मापापेक्षा लहान असेल तर मात्र मरणार हे दिसत असूनही सोडावाच लागतो. हा नियम अनेकांना मूर्खपणाचा वाटतो. मला तो पटतो, कारण तशी सवलत मिळाली तर प्रत्येक लहान मासा 'चुकून' जखमी होऊ लागेल.

दुसरी गोष्ट हवेची. १९९२ चा इंद्रधनुषी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशावरचा एक प्रयोग या विषयात सारखा सांगितला जातो. दमेपर्यंत पळवलेल्या माशांपैकी १२ टक्के मेले. दमल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. पण त्या माशांच्या धमन्यांत रक्त काढण्यासाठी शस्त्रक्रियेने नळ्या बसवलेल्या होत्या, हे सांगताना सहसा गाळलं जातं. म्हणून ७२ हा आकडा उचलून आपल्या तळ्याला चिकटवू नये. वाढत्या सेकंदांबरोबर मरण ज्या गतीने चढलं, ते मात्र विसरू नये. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्यात सुट्या तरंगतात. हवेत आल्या की ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास घ्यायला पृष्ठभागच उरत नाही. तेही नेमकं धावून दम लागलेला असताना.

हे सेकंद जातात कुठे? फोटोत. 'जरा वर धर, ऊन तोंडावर येऊ दे, आता उभा एक घेऊ.' कॅमेरा आधी तयार ठेवावा, मासा जाळ्यात पाण्यातच असू द्यावा आणि उचलताना आपलाही श्वास रोखावा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात परत. जाळं रबराचं, गाठी नसलेलं असावं. हात ओले हवेत, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि उघड्या पडलेल्या जागी पुढे बुरशी धरते. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नये, पोटाखाली दुसरा हात हवाच. सोडताना त्याला मागेपुढे ढकलायची पद्धत सर्रास दिसते, तीही चुकीची. पाणी तोंडातून आत जाऊन कल्ल्यांतून बाहेर पडायचं असतं. मागे ओढलं की ते उलटं वाहतं. प्रवाहाकडे तोंड करून नुसतं धरून ठेवावं. मासा सुटायला तयार आहे का, हे दोन खुणांवरून कळतं. शेपूट चिमटीत धरली की तो झटका देऊन पुढे जायला बघतो, आणि उताणा केला की दोन-तीन सेकंदांत स्वतःहून सुलटा होतो. दोन्ही जमत नसेल तर त्याला तसंच सोडणं म्हणजे जवळपासच्या शिकारी माशाला वाढून देणं.

तिसरी गोष्ट गरम पाण्याची, आणि इथे कितीही कौशल्य असलं तरी ते कामी येत नाही. १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. माशाची गरज नेमकी उलट, पाणी तापेल तशी वाढत जाते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ट्राउटच्या नद्यांचं तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३ अंश सेल्सियसला पोचलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते. या बंदीत सोडणारेही येतात, आणि ते बरोबरच आहे. अशा दिवशी खाणारा एक मासा काढून थांबू शकतो. सोडणाऱ्याला मात्र घरी बसण्याखेरीज प्रामाणिक पर्याय नाही.

खोल समुद्रातला प्रकार याहून उघड असतो. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवरून गोबरा किंवा तांबोशी वर आणली की तिच्या वाताशयातली, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतली, हवा चौपट फुगते. कार्प किंवा ट्राउट ती अन्ननळीवाटे बाहेर सोडू शकतात. या जातींत वाताशयाला अन्ननळीशी जोडणारी नळीच नसते. पोट टम्म होतं, डोळे बाहेर येतात, जठर उलटं होऊन तोंडातून डोकावतं. असा मासा पाण्यात टाकला तरी वरच तरंगत राहतो आणि पक्षी येतात. त्याला परत खाली पोचवावं लागतं: खालच्या जबड्याला वजनदार चिमटा लावून, किंवा वजन बांधलेल्या उलट्या क्रेटखाली धरून, होता त्या खोलीपर्यंत. पोकळ सुईने हवा काढण्याचाही मार्ग आहे, पण तोंडातून आलेला तो फुगा वाताशयाचा समजून लोक त्यालाच टोचतात. ते जठर असतं. मेक्सिकोच्या आखातातल्या स्वतःच्या संघीय पाण्यात खडकाळ तळाचे मासे धरणाऱ्यांना यांपैकी एक साधन वापरायला तयार ठेवणं अमेरिकेने २०२२ मध्ये सक्तीचं केलं. जवळ साधन नसेल आणि ३० मीटरवर गळ टाकायचा असेल, तर 'मी सगळे सोडतो' हे वाक्य उच्चारू नये.

आता वेदनेकडे. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत असेटिक आम्ल टोचलं. माशांनी खाणं थांबवलं, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. इजा ओळखणारे मज्जातंतू त्यांच्या डोक्यात आहेत, हेही त्या प्रयोगांतून दिसलं. विरोधकांचं म्हणणं असं की माशाला मेंदूचं ते बाह्यपटलच नाही ज्यामुळे आपल्याला 'दुखतं', तेव्हा ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. हा वाद अजून मिटलेला नाही. पण मिटेपर्यंत संशयाचा फायदा कोणाला द्यायचा? गळाचं एक टोक ज्याच्या ओठात आहे त्याला, असं मला वाटतं.

जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यानुसार पाठीच्या कण्याच्या प्राण्याला पुरेशा कारणाशिवाय वेदना देता येत नाहीत, आणि अन्न हे कारण चालतं, करमणूक चालत नाही, असा त्याचा अर्थ तिथे लावला जातो. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या नियमांत, सोडायचा हेतू ठेवूनच मासे धरायला जाण्यास मनाई केली. सोडण्याला सभ्यतेची खूण समजणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. पण युक्तिवाद खोडायला अवघड आहे. जो मासा तुम्हाला नकोच आहे, त्याच्याशी दहा मिनिटं झुंजायचं कारण काय? 'आनंद मिळतो' हे उत्तर प्रामाणिक आहे, फक्त त्यातून समर्थन होत नाही.

तरी 'मग मापात बसणारा प्रत्येक मासा ठेवा' या टोकापर्यंत मी जाणार नाही, कारण तिथे जीवशास्त्र आडवं येतं. मोठी मादी म्हणजे अनेक लहान माद्यांची नुसती बेरीज नसते. सागरी माशांच्या ३४२ जातींवरच्या २०१८ च्या अभ्यासात अटलांटिक कॉडचं उदाहरण आहे: ३० किलोची एक मादी जितकी अंडी देते, तितकी दोन-दोन किलोच्या २८ माद्या मिळूनही देत नाहीत. त्या २८ जणींचं वजन ५६ किलो भरतं. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे जिताडे ठेवले की माद्याच उचलल्या. अनेक जातींच्या गोबऱ्यांचं याच्या उलट, तिथे सर्वांत मोठे ते नर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये जिताड्यासाठी सर्वसाधारण नियम ५८ ते १२० सेंटिमीटर असा आहे. त्याखालचा सोडायचा आणि त्यावरचाही. फक्त किमान माप सांगणारा नियम नेमकी मोठी जनावरं मारायला लावतो, आणि मोठा मासा मिरवायची हौस त्याला हातभार लावते. मधल्या मापाचा ठेवा, मोठी मादी सोडा, आणि ती जगेल अशा रीतीने सोडा: इथे सोडण्यामागे अन्नाइतकंच भक्कम कारण उभं राहतं.

काही वेळा ठेवणं-सोडणं दोन्ही गौण ठरतं. मरळीची पिल्लं नारिंगी झुंडीने पृष्ठभागावर फिरतात आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या झुंडीवरून आमिष ओढलं की मरळ हमखास झेप घेते, भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. ती पकडून, फोटो काढून, अगदी जपून सोडली तरी तेवढ्या मिनिटांत पिल्लं निम्मी झालेली असू शकतात. चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि घाबरली की थुंकून टाकते. हिशेबात यांना रकानाच नाही. झुंड दिसली की गळ गुंडाळावा.

आणि काही मासे सोडायचेच नसतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवरात बाहेरून आलेला लेक ट्राउट १९९४ मध्ये सापडला. तो तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटला खातो, म्हणून गळाला लागलेला प्रत्येक लेक ट्राउट मारायचा, असा तिथला नियम आहे. तिथे कोणी भूतदयेने तो सोडला तर ती भूतदया कटथ्रोटच्या जीवावर.

सोडण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा म्हणून कावेरीतल्या महसीरचं नाव घेतलं जातं. तिथल्या मासेमारी छावण्यांत मासा सोडणं बंधनकारक होतं आणि प्रत्येक माशाची नोंद होत असे. १९९८ ते २०१२ च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एकूण महसीर वाढलेले दिसले. पण वाढ होती ती बाहेरून आणून सोडलेल्या जातीची. कावेरीचा मूळचा पाठीवर कुबड असलेला महसीर त्याच काळात झपाट्याने घटला होता, आणि २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणजे सगळे मासे सोडूनही ती जात सावरली नाही, कारण सोडण्याने मासा फक्त गळवाल्याच्या कढईपासून वाचतो, दुसऱ्या जातीचं बीज नदीत ओतण्यापासून नाही. तरी हेही खरं की त्या नोंदी नसत्या तर ही घट कोणाच्या ध्यानातच आली नसती. माझ्या लेखी सोडण्यापेक्षा त्या वह्यांनी जास्त काम केलं.

खाणाऱ्यांची बाजू इतका वेळ घेतली, म्हणून त्यांनाही थोडं. बादलीत तडफडत ठेवलेला मासा ही पोटासाठीची मासेमारी नाही, तो आळस आहे. मरळीसारखा हवेतून श्वास घेणारा मासा पाण्याबाहेर तासन् तास जिवंत राहतो. जिवंतपणी बर्फात टाकल्याने मरण सोपं होत नाही, लांबतं. ठेवायचं ठरलं की लगेच मारावा: ओल्या कापडात घट्ट धरून, आखूड जड दांडक्याने डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या माथ्यावर एक नेमका घाव. नंतर मासा कुशीवरून हळूच फिरवून बघावा. शुद्धीवर असलेल्या माशाचे डोळे शरीर वळलं तरी पातळी धरून राहू बघतात. बेशुद्ध माशाचे डोळे डोक्याबरोबर फिरतात. कल्ल्यांची उघडझाप थांबली आहे ना, तेही पाहावं. मग कल्ल्यांच्या कमानी कापून रक्त जाऊ द्यावं आणि मासा बर्फ मिसळलेल्या पाण्यात ठेवावा. तडफडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतली ऊर्जा आधीच संपते, तो लवकर ताठरतो आणि मांस भुसभुशीत होतं. दया सुचत नसेल तर निदान चवीसाठी तरी करावं.

सगळ्यांत वाईट प्रकार या दोघांच्या मधला. कल्ल्यांतून दोरी ओवून मासा काठाशी जिवंत बांधायचा आणि दुपारी त्याहून मोठा मिळाला की आधीचा सोडून द्यायचा. मोजणीत तो 'सोडलेला' धरला जातो.

नियम करणाऱ्यांची अडचण समजते. पहारेकऱ्याला पिशवी उघडून बघता येते, सोडलेले मासे मोजता येत नाहीत. म्हणून बहुतेक ठिकाणी मर्यादा 'किती ठेवले' यावर असते. पण स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि राखीव पाण्यांवर पास देणाऱ्यांना 'किती पकडले' यावर मर्यादा घालता येते. ती घालावी. दहा मासे, ठेवलेले-सोडलेले मिळून, की दिवस संपला. 'लोक खोटं सांगतील' हा आक्षेप बरोबर आहे, काही सांगतीलच. ठेवलेल्या माशांबद्दलही सांगतात, म्हणून कोणी ती मर्यादा काढून टाकलेली नाही.

तोवर खिशातली लहान वही पुरते. जात, लांबी, गळ ओठात की घशात, रक्त आलं का, हवेत किती सेकंद, पाण्याचं तापमान, ठेवला की सोडला. आणि पानाच्या वर, पहिलं आमिष लावण्याआधी लिहिलेला एक आकडा: आज किती माशांनंतर गळ आवरायचा.